चार्टमधलं माप अंगाचं की कपड्याचं?

ऑनलाइन कपडे घेण्याविषयीच्या लेखातला ‘मागवण्याआधी साइज चार्ट पाहा’ हा सल्ला बरोबर, पण अपुरा आहे. मी वणी तालुक्यातल्या खेड्यात कुर्ते शिवून ऑनलाइन विकते. चार्टमधलं ३८ अंगाचं की कपड्याचं, हेच बहुतेक जण लिहीत नाहीत. छाती ३८ इंच असेल तर कुर्ता ४०-४१ लागतो, नाहीतर हात वर केला की काखेत ताणतो. जाऊबाईंनी दिवाळीनंतर मागवलेला एल साइजचा कुर्ता दंडातच अडकला. परत न्यायला गावात कुरिअरवाला येत नाही. वणीला जाण्यात, ऐन कापूस वेचणीत, दिवसाची मजुरी बुडाली. भारतीय मापांसाठी निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेची २५ हजार लोकांची मोजणी ठरली, तीही सहा शहरांत. शेतात राबणाऱ्या बायांचे खांदे-दंड कोण मोजणार? मी तर कुर्ता सपाट अंथरून, वर टेप ठेवूनच फोटो टाकते.