खुलासा : पाळणाघरातल्या खाड्याचे पैसे

‘मूल आले नाही त्या दिवसाचे पैसे पाळणाघराला घेता येत नाहीत, ग्राहक कायद्याने बंदी आहे’ असा मेसेज बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशी सरसकट बंदी नाही.

शाळा सुटल्यावर मूल ठेवतो तिथली महिन्याची फी जागा राखण्याची असते. मूल मामाकडे खानापूरला गेले तरी सांभाळणाऱ्या ताईंचा पगार आणि जागेचे भाडे चुकत नाही. त्यामुळे प्रवेशावेळी ‘खाड्याचे पैसे वजा होणार नाहीत’ असे ठरले असेल, तर पैसे मागणे गैर नाही.

पाळणाघरच बंद असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जुलैत पावसामुळे जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, तेव्हा पाळणाघरानेही कुलूप लावले, तर त्या दिवसांची वजावट जरूर मागा. न दिलेल्या सेवेचे पैसे का म्हणून द्यायचे? आधी लेखी विचारा. ऐकले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे. फीची पावती तेवढी जपून ठेवा.

मेसेज वाचून महिनाअखेरीस ताईंशी भांडू नका.