‘जमिनीतला गारवा’ आणि दमट खोली : आपल्या अभिप्रायास उत्तर

सविनय नमस्कार.

मे महिन्यात आपण आमच्या हॉटेलात तीन रात्री सहकुटुंब राहिलात आणि एकच तारा देऊन लिहिलेत, की खोली दमट होती, चादरी ओलसर लागत होत्या, खोल्या थंड ठेवणाऱ्या आमच्या यंत्रणेचे ‘जमिनीतला गारवा’ हे नाव निव्वळ जाहिरात आहे आणि तिच्यासाठी एवढे बोअर मारून आम्ही वाडीचे पाणी पळवतो.

दमटपणाची तक्रार खरी आहे आणि तो दोष माझा आहे. खोल्यांच्या फॅन कॉइलमध्ये, म्हणजे पंख्याने हवा ज्यांवरून फिरवली जाते त्या थंड पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यांत, 7 अंशांचे पाणी फिरायला हवे. वीज वाचावी म्हणून एप्रिलअखेरीस मीच ते 12 अंशांवर ठेवायला सांगितले होते. तेवढ्याने हवा गार होते, पण तिच्यातले बाष्प पुरेसे निघत नाही, आणि पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावरच्या हवेतून आधी बाष्पच काढावे लागते. आपला अभिप्राय वाचून पाणी पुन्हा 7 अंशांवर आणले, तेव्हा आपल्याच खोलीतल्या कॉइलच्या निचरा नळीतून, जी आधी जेमतेम ठिबकत होती, तासाभरात अर्धी बादली भरली. ते सारे पाणी आपल्या चादरींत मुरत होते, याचे मला फार वाईट वाटते.

वाडीच्या पाण्याविषयी मात्र निःशंक असावे. आमचे 30 बोअर प्रत्येकी 100 मीटर खोल, जांभा ओलांडून काळ्या कातळात गेलेले आहेत. पण त्यांतून उपसा होत नाही. प्रत्येकात यू आकाराची प्लास्टिकची नळी सोडून भोवतीची पोकळी बेंटोनाइट या चिकणमातीच्या लगद्याने बुजवली आहे. नळीतले तेच पाणी, कॉम्प्रेसरने खोल्यांतून काढलेली उष्णता कातळाला देऊन परत येते.

‘गारवा’ या शब्दावरचा आपला आक्षेप मला पटला. कोकणात काही मीटर खाली जमीन वर्षभर 27–28 अंशांच्या आसपास असते. म्हणून तर थंडीतल्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते. गारवा कॉम्प्रेसरच करतो, मात्र दुपारच्या 34–35 अंशांच्या हवेपेक्षा या कातळात उष्णता सोडणे त्याला सोपे जाते, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणारी आऊटडोअर युनिटे लागत नाहीत. अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठाने सुमारे 3,600 बोअर मारून कोळशाचे बॉयलर बंद केले. तिथे उन्हाळ्यात जमिनीत सोडलेली उष्णता हिवाळ्यात इमारती उबदार ठेवायला परत काढता येते. आपल्याकडे तसा हिवाळा नाही, त्यामुळे कातळ वर्षागणिक तापत जाण्याची धास्ती मला कायम असते. म्हणून आंघोळीचे पाणी आम्ही आधी याच उष्णतेवर तापवतो, उरलेलीच जमिनीत सोडतो आणि बोअरमधून परतणाऱ्या पाण्याचे तापमान रोज टिपून ठेवतो.

स्वागतकक्षातला ‘जमिनीतला गारवा’ हा फलक उतरवला आहे. तिन्ही रात्रींचे भाडे परत करण्यासाठी व्यवस्थापक आपल्याला दूरध्वनी करतील. ते कृपया स्वीकारावे.

आपला,
हॉटेलचा मालक