एक एसव्हीजी आणि बारा भानगडी

ॲप बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला वरचेवर फिरतो. शब्द बदलतात, सार तेच. कमी-जास्त दाट पडद्यांसाठी चित्रांच्या चार-पाच आकारांची फोल्डरं ठेवणं ही जुनी रीत, त्यानं ॲप उगाच फुगतं. डिझायनरकडून एक एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषा-वळणांचं गणित साठवणारी, म्हणजे व्हेक्टर, चित्राची फाइल) घ्या. ती कितीही ताणली तरी फाटत नाही, वजनाला हलकी, सगळीकडे चालते. ॲपच्या आयकॉनसाठी १०२४ पिक्सेलचा एक पीएनजी पुरे, त्यापुढचं सगळं आपोआप होतं.

यातलं काय पटतं ते आधी सांगतो. टूलबारवरचं शोधाचं भिंग, कचरापेटी, मागे नेणारा बाण अशी एकरंगी, सपाट चिन्हं व्हेक्टरमध्येच असावीत. अँड्रॉइडमध्ये ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, त्याची सोय आहे. रंग कोडमधून बदलता येतो, गडद थीमसाठी वेगळं चित्र लागत नाही. आयफोनवर २०१९ पासून एसएफ सिम्बॉल्स हा ॲपलचा तयार चिन्हांचा संच आल्यामुळे बरीचशी चिन्हं काढावीही लागत नाहीत. इथवर भांडण नाही.

भांडण आहे ‘सगळीकडे चालते’ याच्याशी. अँड्रॉइड एसव्हीजी थेट वाचत नाही. अँड्रॉइडची ॲप बनवायचा प्रोग्रॅम, अँड्रॉइड स्टुडिओ, तिचं व्हेक्टर ड्रॉएबल नावाच्या एक्सएमएलमध्ये रूपांतर करतो, आणि त्या रूपांतरात फिल्टर, पॅटर्न, मजकूर गळून पडतात. डिझायनरनं फिल्टर लावून दिलेली मऊ सावली फोनवर दिसतच नाही. इशारा येतो म्हणा, पण तो वाचतो कोण! ॲपलकडे असेट कॅटलॉगमध्ये (ॲपची चित्रं ठेवायच्या जागेत) एसव्हीजी चालायला लागली ती एक्सकोड या ॲप बनवायच्या प्रोग्रॅमच्या १२व्या आवृत्तीपासून, २०२० साली. तिथंही ‘प्रिझर्व्ह व्हेक्टर डेटा’वर खूण केली नसेल, तर बिल्ड होताना (कोडचं ॲप बनताना) तिची ठरावीक आकारांची पिक्सेल चित्रंच तयार होतात. आपण समजतो फोनवर व्हेक्टर गेलं; ते वाटेतच विरघळलेलं असतं. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणाऱ्या फ्लटरच्या गाभ्यात एसव्हीजी नाही, वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. विंडोजच्या ईएक्सई फाइलला आयकॉन लावायचा तर आयसीओ ही आयकॉनची वेगळी फाइलच लागते.

एसव्हीजीत मराठी मजकूर असेल तर आणखी एक भानगड. तो मजकूर म्हणूनच ठेवला, तर समोरच्या मशीनवर तो फॉन्ट असेलच असं नाही, आणि दुसऱ्या फॉन्टात मांडणी हलते. बाह्यरेषांत बदलून दिला, तर दिसतो चांगला, पण उद्या एक शब्द बदलायचा म्हटलं की पुन्हा डिझायनरच्या दारात. चित्रात शब्द घालूच नयेत हे बरं.

आता ‘हलकी’. फाइल किती केबीची आहे आणि पडद्यावर आणताना ती काय खाते, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पीएनजी असो, जेपीईजी असो की वेबपी हा चित्र आणखी आवळून ठेवणारा प्रकार, उलगडल्यावर साधारणपणे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. ४००० × ३००० चा फोटो डिस्कवर दोन एमबीचा असला तरी मेमरीत ४८ एमबी घेतो. म्हणून ‘वेबपी केलं, मेमरी वाचली’ हेही तितकंच फसवं आहे. वाचते ती डाउनलोडची जागा. व्हेक्टर चित्र तर आधी वाचायचं, मग रेषा-रेषा करत रंगवायचं. भिंगाच्या चिन्हाला ते जाणवत नाही. पण पहिल्याच स्क्रीनवर शेकडो वळणांचं शेत, बैलगाडी आणि ढगांचं चित्र व्हेक्टरमध्ये टाकलं, तर स्वस्तातला फोन तिथं अडखळतो. गूगलचं मार्गदर्शन व्हेक्टर चित्र जास्तीत जास्त २०० × २०० डीपीपर्यंत (डीपी म्हणजे पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारं अँड्रॉइडचं माप) ठेवा असं सांगतं, ते याचसाठी. मोठं रंगीत चित्र सरळ वेबपीत द्यावं.

फोल्डरांनी ॲप फुगतं, ही तक्रार एके काळी खरी होती. आयफोनवर २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर ॲप थिनिंग आलं, आणि ज्याच्या पडद्याला जे चित्र लागतं तेवढंच त्याच्याकडे जाऊ लागलं. अँड्रॉइडनं २०१८ मध्ये ॲप बंडल आणलं. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपना ते सक्तीचं आहे. बंडलमधून पडद्याच्या घनतेप्रमाणे वेगळे तुकडे निघतात, म्हणजे तुमच्या पाच फोल्डरांपैकी ग्राहकाला साधारण एकाचाच भार पडतो.

उलट फोल्डरं काढून टाकली की काय होतं ते आम्ही भोगलं आहे. सहकाऱ्यानं एक १००० × १००० चं चित्र नुसत्या, म्हणजे घनतेचं नाव नसलेल्या, ‘ड्रॉएबल’ फोल्डरमध्ये टाकलं. एकच फाइल, सुटसुटीत. पण अँड्रॉइड त्या फोल्डरमधलं पिक्सेल चित्र एमडीपीआयचं, म्हणजे १६० डीपीआयच्या (इंचाला १६० ठिपक्यांच्या) पडद्याचं समजतो. एक्सएक्सएचडीपीआयचा फोन ४८० डीपीआयचा, म्हणून चित्र वाचतानाच दोन्ही बाजूंनी तिप्पट होतं: ३००० × ३०००. चार एमबीच्या जागी ३६ एमबी, आणि वर चित्र धूसर. दोन दिवस आम्ही मेमरीची गळती शोधत होतो. गळती नव्हतीच. चित्र चुकीच्या खोलीत ठेवलं होतं. ताणायचंच नसेल तर त्यासाठी ‘ड्रॉएबल-नोडीपीआय’ आहे.

राहिला ॲपचा आयकॉन. एक्सकोड १४ पासून (२०२२) एकच १०२४ चं चित्र देता येतं हे खरं, आणि सल्ल्याचा उगम बहुधा तिथंच आहे. पण आयओएस १८ पासून गडद आणि एकरंगी छटेचे आयकॉनही आले आहेत. ते आपण दिले नाहीत तर सिस्टिम स्वतः रंगवते, आणि ते आपल्याला आवडेलच असं नाही. अँड्रॉइडवर ८.० पासून आयकॉन दोन थरांचा झाला: पार्श्वभूमी आणि पुढचं चित्र, दोन्ही १०८ × १०८ डीपी. फोन कंपनी त्याला गोल कापेल, चौकोनी कापेल, पानाच्या आकारात कापेल. मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळातलं तेवढं सुरक्षित. १०२४ चं कडेपर्यंत भरलेलं चित्र तसंच पुढच्या थरात टाकलं, तर नाव लिहिलेल्या पाटीची दोन्ही टोकं उडतात. अँड्रॉइड १३ मध्ये थीमप्रमाणे रंग घेणारा एकरंगी थरही आला. तो रंगीत चित्रावरून आपोआप काढला तर नीट येईलच असं नाही. फक्त आकारानं ओळख पटेल असं चिन्ह बसून काढावं लागतं.

आणि डेस्कटॉप. लहान आयकॉन म्हणजे मोठ्या आयकॉनची छोटी प्रत, हा समज तिथं उघडा पडतो. ॲपलच्या डिझायनर सुझन केअर यांनी पहिल्या मॅकिन्टॉशचे आयकॉन ३२ × ३२ चौकटींत एकेक ठिपका ठरवून काढले होते. मॅकिन्टॉश १९८४ साली आला. पडदे दाट झाले तरी लहान आकारांचा तो प्रश्न संपलेला नाही. लिनक्सच्या हायकलर या आयकॉनांच्या मूळ संचात एसव्हीजीसाठी ‘स्केलेबल’ फोल्डर असूनही शेजारी १६ × १६ आणि ४८ × ४८ ची फोल्डरं आहेत, ती त्याचसाठी.

दुकानदारांसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम केला तेव्हा आमचा आयकॉन होता लाल वही आणि तिच्यावर पांढरा ‘ह’. २५६ × २५६ पिक्सेलवर झकास. त्या मापात शिरोरेषा २० पिक्सेल जाड होती. तेच १६ वर आणलं की ती होते सव्वा पिक्सेल, आणि पाव पिक्सेल पडद्याला दाखवता येत नाही. तो शेजारच्या ओळीत गुलाबी होऊन पसरतो. ‘ह’च्या पोटातली वळणं एकमेकांत मिसळली, आणि टायटलबारवर उरला वरणाचा शिंतोडा उडाल्यासारखा ठिपका. व्हेक्टरनं इथं काही फरक पडत नाही. तीच रेषा गणितानं काढली तरी सव्वा पिक्सेलच भरते.

आयसीओ फाइलमध्ये अनेक चित्रं एकत्र ठेवता येतात. आम्ही २५६, ४८ आणि ३२ मूळ चित्रावरून घेतली, २४ मध्ये ‘ह’ जरा जाड केला. २० आणि १६ साठी अक्षर काढूनच टाकलं: नुसती लाल वही, वर नेमकी एक पिक्सेलची पांढरी रेघ. अर्ध्या तासाचं काम. विंडोज टायटलबारला १०० टक्के स्केलिंगवर १६ चंच चित्र घेतं, १२५ वर २० चं. आमच्या बहुतेक दुकानदारांचे मॉनिटर अजून १३६६ × ७६८ चे आहेत. २५६ चा तो देखणा ‘ह’ त्यांनी पाहिला असेल तर इन्स्टॉल करताना एकदा.