‘ऑटोवर ठेवा, रॉमध्ये काढा’ हे अर्धंच खरं

लग्नसराई जवळ आली की फोटोग्राफर मंडळींच्या मोबाइलवर हा सल्ला फिरू लागतो: ‘व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवा, रॉमध्ये काढा, रंग नंतर घरी बसून सगळे सुधारता येतात. आणि केल्विन जितका जास्त, तितका उजेड पिवळा.’

व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग, केल्विन हे त्या उजेडाच्या रंगाचं माप, आणि रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल. केल्विनचं आधी निकालात काढू, कारण ते चक्क उलटं आहे. पणतीची ज्योत साधारण १९०० केल्विन, भर दुपारचं ऊन ५५००, सावलीतला निळसर उजेड ७०००च्या पुढे. घोळ होतो तो कॅमेऱ्यामुळे. आपण ७००० लावलं की तो समजतो, उजेड निळा आहे, आणि भरपाई म्हणून फोटोत पिवळा ओततो.

रॉचं म्हणणं बरंचसं बरोबर. त्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, कितीदाही बदला. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, आणि नेहमीच्या व्हिडिओत मात्र रंग मुरलेला असतो.

पण ‘सगळे’ हा शब्द फसवा. नाशिकच्या गोदाघाटावर संध्याकाळच्या आरतीला उभे राहून बघा. आरतीच्या ज्वाळा पिवळ्याजर्द, वरून एलईडीचा पांढरा झोत, मागे रामकुंडावरचं आभाळ निळं होत चाललेलं. उजेड तीन आणि सॉफ्टवेअरमधला व्हाइट बॅलन्सचा स्लायडर एक. चेहरा सुधारला की पाणी शाईसारखं होतं, पाणी सुधारलं की चेहरा केशरी. मास्किंग करा, म्हणजे फोटोचा एकेक भाग वेगळा निवडून सुधारा म्हणाल, पण एकाच गालावर दोन उजेड मिसळलेत, तिथे रेघ कुठे ओढणार? शिवाय स्वस्त एलईडीची हिरवट झाक केल्विनने हलत नाही, त्याला टिंटचा, म्हणजे हिरवा-गुलाबी तोल साधणारा, वेगळा स्लायडर लागतो. आणि ज्या दिव्यात गडद लाल जवळजवळ नसतोच, त्याखाली शालू मळकट दिसतो. सेन्सरपर्यंत जे आलंच नाही, ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

ऑटोबद्दल म्हणाल तर एका हळदीला आमची चांगलीच फजिती झाली. पिवळा मांडव, पिवळे कपडे. कॅमेऱ्याला वाटलं उजेडच पिवळा आहे. माझे फोटो रॉमध्ये होते, सगळ्यांना एकच आकडा लावून सुटलो. जोडीदाराच्या व्हिडिओत मात्र हळद क्षणात पिवळी, क्षणात फिकी. नवरीच्या मामांनी ते बरोबर पकडलं!

तेव्हापासून मांडवात शिरलो की आधी ग्रे कार्ड, म्हणजे व्हाइट बॅलन्स जुळवायचं राखाडी कार्ड. पांढरा कागद नको, कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेलं ब्राइटनर उन्हात निळसर चमकतं. आणि कार्ड दाराशी नाही, नवरीच्या चेहऱ्यापाशी धरायचं.