राबणारी माणसं आणि मनात राहणारे सिनेमे

रडवणारा सिनेमा आणि मनात राहणारा सिनेमा यांत आपण फार गल्लत करतो. एखादा चित्रपट लागला की लगेच पोस्टी सुरू होतात, 'हॉलमध्ये एकाचाही डोळा कोरडा नव्हता.' नसेलही. मीही रडते, त्यात वाईट काही नाही. पण असं रडू पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत निम्मं ओसरलेलं असतं आणि पंधरा दिवसांनी नायकाचं नावसुद्धा आठवत नाही. उलट काही सिनेमे बघताना डोळ्यांत टिपूस येत नाही आणि तरी ते वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाहीत.

असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय आणि आता माझं मत पक्कं झालंय. जे सिनेमे राहतात त्यांत माणूस पोटासाठी नेमकं काय करतो, हे वेळ देऊन, नीट दाखवलेलं असतं.

'फँड्री' घ्या. नागराज मंजुळे यांचा पहिला मोठा चित्रपट, थिएटरात आला फेब्रुवारी २०१४ मध्ये. लोक शेवटी शाळकरी जब्याने भिरकावलेल्या दगडाबद्दल बोलतात आणि तो दगड बसतोच. पण तो दगड इतक्या जोरात का बसतो? कारण त्याआधी कितीतरी वेळ आपण एका कुटुंबाला डुकरं धरताना पाहिलेलं असतं. गावच्या जत्रेआधी डुकरांचा बंदोबस्त करायचा आहे, जब्याच्या बापाला, कचरूला, मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत, म्हणून बायकापोरांसकट सगळे फासे घेऊन शाळेच्या आसपास धावताहेत. कोणी कुठून हुसकायचं, कोणी वाट अडवायची, सगळं दिसतं. डुक्कर निसटतं, परत धावतात, परत निसटतं. बघे जमलेत, हसताहेत, चिडवताहेत. आणि जब्या लपतोय, कारण शाळेतल्या शालूने आपल्याला या कामात बघू नये. बाप त्याला शोधून ओढून आणतो.

त्यातच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. डुक्कर अगदी समोर आहे, आता हात टाकला की सापडलं, आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर आपल्या वाटेने जातं. हा प्रसंग कोणी भाषणात सांगितला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि विषय संपला असता. इथे मात्र ते डुक्कर धरायला किती दम लागतो हे आपण आधीच बघितलेलं असतं. त्यामुळे त्या उभं राहण्याची किंमत आपल्याला कळते. किशोर कदम त्या कचरूच्या अंगात असे शिरलेत की मला त्यांचा चेहरा आठवायच्या आधी त्यांची चाल आठवते.

एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, मग माहितीपटच का बघू नये? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की इथे काम ही नुसती माहिती नसते. दुखणं तिथूनच उगवतं. जब्याला शालू आवडते, तो काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो, जीन्सची स्वप्नं बघतो. हे सगळं कुठल्याही पोराचं असू शकतं. पण त्याच्या बापाच्या वाट्याला आलेलं काम त्याला त्या पोरांमधून वेगळं काढतं, आणि ते काम जातीनं दिलेलं आहे. काम दाखवलं नसतं तर उरली असती एक गोड शाळकरी प्रेमकथा.

आता 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे लागला. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. साक्षीला त्या कामगाराची बायको येते. ती रडत नाही, आवाज चढवत नाही. विचारलं तेवढंच सांगते. नवरा गटारात उतरायच्या आधी दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सहन होत नसे. आत खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर येतात का बघायचा. झुरळं आली म्हणजे आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. गॅसने त्याचा एक डोळा गेला होता.

झुरळांची ही गोष्ट ऐकल्यापासून रस्त्यात उघडं मॅनहोल दिसलं की माझा पाय आपोआप थबकतो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, आधीचा १९९३ चा. दोन्ही मला माहीत होते. पण कायदा वाचून माझा पाय कधी थबकला नव्हता.

'कोर्ट'मधली मला तितकीच आवडणारी गोष्ट म्हणजे सरकारी वकील बाई, गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली. कोर्टात ती एका निरपराध म्हाताऱ्याविरुद्ध यंत्रासारखी कलमं वाचते, राग यावा इतकी. मग दिग्दर्शक तिच्याबरोबर घरी जातो. लोकलमध्ये शेजारच्या बाईशी स्वयंपाकाच्या तेलाच्या गप्पा, मुलाला घेऊन घरी येणं, आल्या आल्या ओट्याशी उभं राहणं, सगळ्यांना वाढणं. माझी आई निवृत्त होईपर्यंत हेच करत होती, फक्त फायली वेगळ्या. मी तिला हा सिनेमा दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अगं, ही बाई दुष्ट नाही, दमलीय." मला पटलं. पण मला वाटतं, त्या दमलेपणाचीच भीती वाटायला हवी. एवढी साधी, आपल्यातली बाई एका माणसाचं आयुष्य कागदांखाली गाडू शकते आणि संध्याकाळी नीट जेवू शकते. दिग्दर्शकाने तिला खलनायिका केलं असतं तर तिच्यावर चिडून मी मोकळी झाले असते.

जुन्यांत 'उंबरठा' (१९८२) मला या बाबतीत फार पुढचा वाटतो. लोकांच्या लक्षात 'सुन्या सुन्या मैफिलीत' आहे, असणारच. मला मात्र स्मिता पाटील सुधारगृहाच्या ऑफिसात बसलेली आठवते. मुलींच्या तक्रारी, वरून येणारे दबाव, समितीतली मंडळी, आणि या सगळ्यात काम रेटत राहणारी सुलभा. शेवटी ती घरी परतते आणि परत बाहेर पडते. तो निर्णय खरा वाटतो, कारण तिचं काम आपण बघितलेलं असतं. ती कशासाठी घर सोडतेय याचं उत्तर आपल्याकडे असतं, ते संवादात द्यावं लागत नाही.

आणि अर्थात व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ह्ज'. रोममधल्या बेकार माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण अट सायकलची. सायकल गहाण पडलेली, ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. गहाणवटीच्या दुकानातला नोकर ते गाठोडं घेऊन मांडणीवर वर चढत जातो आणि वरपर्यंत नुसत्या चादरींचे गठ्ठेच गठ्ठे. किती घरांतल्या लोकांची अंथरुणं तिथे आली असतील! युद्धानंतरच्या इटलीबद्दल मी पुढे जे काही वाचलं, ते सगळं त्या गठ्ठ्यांना जोडूनच माझ्या डोक्यात बसलंय. नायकाचं काम करणारा लाम्बेर्तो माजोरानी हा कारखान्यातला कामगार होता, कसलेला नट नव्हे.

आताच्या बऱ्याच मराठी सिनेमांबद्दल माझी तक्रार हीच आहे. फ्लॅट चकाचक, कॅमेरा सुंदर, नाती गुंतागुंतीची, पण ही माणसं करतात काय आणि जगतात कशावर, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. मग त्यांच्या दुःखाला धरायला काही सापडतच नाही.

आपल्याकडे विषयांची वाण नाही. बीडहून दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला निघणारी जोडपी आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, त्यातली फिटली किती, अंधारात थंडीने बोटं वाकत नसताना मोळी कशी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कसं चढायचं, पोर झोपवायचं कुठे. हे सगळं जवळून, घाई न करता, मध्ये गाणं न घालता दाखवणारा चित्रपट मला थिएटरात बघायचाय. कुणी बनवत असाल तर कळवा. तिकिटं मी स्वतः विकायला उभी राहीन.