ओटल्याला जागा

रविवारी इंदूरच्या राजेंद्रनगरात चहाच्या टपरीवर वाद पेटला तो काकांमुळे. बँकेतून निवृत्त झालेले काका हल्लीच बायपासकडच्या टाउनशिपमध्ये मुलाकडे राहायला गेलेत. म्हणाले, "क्लबहाऊस आहे, बाग आहे. बोलायला माणूस नाही."

"माणसंच मोबाइलमध्ये बुडालीत, त्याला आर्किटेक्ट काय करणार?" इति प्राध्यापक.

आमच्या कट्ट्यावरची आर्किटेक्ट हे ऐकून घेणारी नाही. "काका, क्लबहाऊसला ठरवून जावं लागतं. कपडे बदला, लिफ्टनं उतरा, पार्किंग ओलांडा. एकट्या माणसाला ते ठरवणंच जड जातं. ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, माणूस नुसता बसलेला असतो आणि भेटी होत राहतात."

मग तिनं विजयनगरजवळच्या अरण्य वसाहतीचा विषय काढला. इंदूर विकास प्राधिकरणासाठी वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आखलेली ही वसाहत. १९९५ मध्ये तिला वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. सुमारे साडेसहा हजार प्लॉट. गरिबांना पूर्ण घर न देता जोतं, संडास-मोरी, पाणी-ड्रेनेज, कुठे एखादी खोली द्यायची आणि पुढचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. लोकांना कल्पना यावी म्हणून ८० नमुना घरं उभारली, त्यांत ओटले, बाहेरून जिने, छोट्या गच्च्या. सगळ्यात लहान प्लॉट जेमतेम ३५ चौरस मीटरचा. एवढ्याशा जागेतही दाराबाहेर बसण्याचा विचार कुणीतरी केला, हे मला फार मोलाचं वाटतं. आज कोट्यवधींच्या फ्लॅटला तेवढंही मिळत नाही.

"ओटला म्हणजे कुणाची सून किती वाजता आली याची नोंदवही," प्राध्यापक म्हणाला. "त्यातून सुटायलाच लोक फ्लॅटमध्ये गेले."

"ते मी भोगलंय," वहिनी म्हणाल्या. "पण मटार सोलत ओटल्यावर बसलं की इथे का बसलीस असं कुणी विचारत नसे. तुम्ही या टपरीवर तास तास बसता. मी एकटी येऊन बसले तर?"

याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. कट्टा सगळ्यांचा, असं आपण म्हणतो खरं.

प्राध्यापकाला आकडे लागतात, म्हणून आर्किटेक्टनं सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण दिलं. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमारास तिथल्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना शेजारपाजारच्या मैत्रीबद्दल विचारलं. दिवसाला २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरा नाही.

"बोलकी माणसंच शांत गल्लीत घर घेत असतील!"

"असतीलही. भिंतीनं एकटेपणा बरा होतो असं मी म्हणतच नाहीये. भेट होण्याची शक्यता वाढते, तेवढी तरी ठेवा. आपल्या गल्लीत ओटले आहेत, पण समोर गाड्या लावून ठेवल्यात. बसणार कुठे आणि बघणार कुणाकडे?"

शेवटी गाडी काकांच्या बिल्डिंगवर आली. खाली दोन बाक टाकावेत, असं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडणार आहेत. बाहेरचे लोक येऊन बसतील ही हरकत येणारच. वहिनींची एक अट आहे: बाक वॉचमनच्या खोलीपाशी नको, भाजीवाला थांबतो तिथे हवेत, म्हणजे बायकाही टेकतील. प्राध्यापकाला अजून पटलेलं नाही, पण हिंदीतला अर्ज तोच लिहून देणार आहे.