फ्लटर बंद झालेलं नाहीये, प्लीज तो मेसेज फॉरवर्ड करू नका

"गूगलने फ्लटरची टीम काढली, आता सगळं कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मवर जाणार" असा मेसेज परत फिरतोय आणि नुकतं शिकायला लागलेली पोरं घाबरून कोर्स अर्धवट सोडतायत, म्हणून लिहितोय. फ्लटर म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीसाठी अ‍ॅप बनवायचं गूगलचं टूल, आणि कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म म्हणजे कोटलिन भाषेत लिहिलेला कोड दोन्हीकडे वापरायचं जेटब्रेन्स कंपनीचं टूल.

एप्रिल २०२४ च्या शेवटी गूगलमध्ये ले-ऑफ झाले आणि त्यात फ्लटर आणि डार्टची (फ्लटर ज्या भाषेत लिहितात ती) पण माणसं गेली, हे खरंय. ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी वाईटच झालं. पण अख्खी टीम गेली नव्हती, मे महिन्यातच फ्लटर ३.२२ आलं आणि नंतरही व्हर्जन येत राहिली.

गोंधळ कुठे झाला, तर त्याच मे २०२४ च्या आयओमध्ये (गूगलची दरवर्षीची डेव्हलपर परिषद) गूगलने कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मला अधिकृत सपोर्ट जाहीर केला आणि लोकांनी दोन बातम्या जोडून टाकल्या. अरे पण कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म मुळात लॉजिक शेअर करायला आहे, म्हणजे नेटवर्क, डेटाबेस वगैरे, स्क्रीन तुम्ही अँड्रॉइड आणि आयफोनसाठी वेगवेगळे लिहू शकता. स्क्रीनपण एकदाच लिहायचे असतील तर जेटब्रेन्सचं कंपोज मल्टिप्लॅटफॉर्म, आणि ते आयओएसवर स्टेबल झालं मे २०२५ मध्ये! फ्लटर तर डिसेंबर २०१८ पासून स्टेबल आहे.

ऑक्टोबर २०२४ मधला फ्लॉक नावाचा फोर्क (म्हणजे फ्लटरचा कोड घेऊन बाहेरच्या लोकांनी काढलेली वेगळी आवृत्ती) पण लोक पुरावा म्हणून दाखवतात, पण त्यांनीच सांगितलंय की मूळ फ्लटरसोबत सिंक राहणार, फक्त महत्त्वाचे बग फिक्स आणि लोकांना हवी असलेली फीचर्स त्यात वरून घालणार.

स्पर्धा वाढलीय, नक्कीच. पण कोर्स सोडू नका, पूर्ण करा.